आत्मविश्वास : उपजत की कमावलेला?

"आत्मविश्वास पाहिजे!" हा उपदेश आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला, मुलाखतीतून रिकाम्या हाताने परतलेल्या तरुणाला, सभेत चार वाक्ये बोलताना अडखळलेल्या भगिनीला, सासरी मुकाट्याने सोसणाऱ्या लेकीला, सर्वांना आपण हे एकच औषध सांगतो. पण हे औषध मिळते कुठे, ते घ्यायचे कसे, याविषयी उपदेश करणारा अवाक्षर काढीत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, "तो माझ्याजवळ नाही, म्हणून तर हे सारे झाले."

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, आत्मविश्वास म्हणजे नेमके काय, तो कशाने येतो, कशाने जातो आणि घरात-वस्तीत तो वाढावा म्हणून आपण काय करू शकतो, याचा थोडा शांतपणे विचार करू या.

शब्दाचा अर्थ

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका चुणचुणीत मुलाने मला विचारले होते, "सर, आपण आत्मा मानत नाही, मग आत्मविश्वास कसा मानायचा?" वर्गात हशा पिकला; पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आत्मचरित्र म्हणजे कोणा अमर आत्म्याचे चरित्र नव्हे, ते स्वतःचे चरित्र. आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःचे परीक्षण. तसाच आत्मविश्वास म्हणजे स्वतःवरचा विश्वास. पालीतला 'अत्त' हा शब्दही अनेक ठिकाणी 'आपण स्वतः' याच साध्या अर्थाने येतो. ज्या भगवान बुद्धांनी नित्य, अविकारी असा आत्मा नाकारला, त्यांनीच अखेरच्या दिवसांत भिक्खूंना स्वतःच्या आधारावर उभे राहण्यास सांगितले. यात विसंगती नाही. माणूस घडवलेला नसतो, तो क्षणोक्षणी घडत असतो. म्हणूनच तो बदलू शकतो, शिकू शकतो. न बदलणारा आत्मा मानला तर "मी असाच आहे, माझे नशीबच असे" म्हणायला वाव राहतो. अनात्मवाद्याला ती पळवाट नाही.

मग स्वतःवरचा विश्वास म्हणजे कशावरचा विश्वास? "मी सर्वांत हुशार आहे" हा अहंकार झाला. "माझ्याकडून काही चूक होणारच नाही" हा भ्रम झाला. "हे काम माझ्यासमोर आले आहे, मी प्रयत्न केला, शिकलो, चुकलो तर दुरुस्त केले, तर ते मला जमेल" हा आत्मविश्वास. अहंकाराला नेहमी दुसरा माणूस लागतो, कोणाला तरी खाली दाखवल्याशिवाय तो उभाच राहत नाही. आत्मविश्वासाला समोर फक्त काम लागते. आत्मविश्वासाचा माणूस "मला हे येत नाही, शिकवा" असे सहज म्हणू शकतो. अहंकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य निघत नाही, आणि न्यूनगंडाने पछाडलेल्याच्याही तोंडून निघत नाही. म्हणून अहंगंड आणि न्यूनगंड ही सख्खी भावंडे आहेत असे म्हटले जाते ते खोटे नाही.

न रडणारा तो धीट, असे नाही

आत्मविश्वासाचा माणूस कधी खचत नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, अशी एक खुळी समजूत आहे. आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच उदाहरण घेऊ. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे परतावे लागले. त्यांचे सामान, पुस्तके ज्या जहाजावर होती ते पाणतीराने बुडाले. करारानुसार बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला आणि जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशातील थोर विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण आपल्याच देशात निवाऱ्याविना एका बागेत बसून राहिला. त्या प्रसंगाला अठरा वर्षे उलटल्यावर त्यांनी इंग्रजीत आठवणी लिहिल्या आणि हा प्रसंग आठवला की आजही डोळ्यांत पाणी येते, असे नमूद करून ठेवले.

जरा विचार करा. बाबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले, म्हणून त्यांचा आत्मविश्वास कमी होता काय? मुळीच नाही. अपमानाचे दुःख होणे ही दुबळेपणाची खूण नव्हे, ती माणूसपणाची खूण आहे. प्रश्न त्यानंतर काय होते हा आहे. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने पैसा साठवून १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले.

तिथला एक प्रसंग मला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून विशेष जवळचा वाटतो. रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध त्यांनी लंडन विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांनी तो जसाच्या तसा न स्वीकारता पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. हातातले पैसे संपलेले. ते १९२३ साली मुंबईला परतले, इथे बसून प्रबंधाचे पुनर्लेखन केले, तो पुन्हा पाठवला आणि तो मान्य होऊन त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि लेखकाच्या काही मतांशी आपण सहमत नाही हेही त्यात मोकळेपणाने सांगितले. गुरूचे मत वेगळे असूनही शिष्याने आपला सिद्धांत सोडला नाही. मात्र मांडणी सुधारण्यास सांगितल्यावर "मला कोण सांगणार" असा ताठाही धरला नाही. पुढे १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे याच विषयावर त्यांनी साक्ष दिली. जे पटले आहे त्यावर ठाम राहणे आणि जे सुधारायचे आहे ते सुधारणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदतात तेव्हा त्याला आत्मविश्वास म्हणावे.

आत्मविश्वास येतो कुठून?

अल्बर्ट बांडुरा नावाच्या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या विषयावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. "हे मला जमेल" ही भावना चार वाटांनी येते, असे त्याने सांगितले. त्या चारही वाटा आपल्या चळवळीच्या इतिहासात आणि आपल्या वस्तीत आपल्याला दिसतात, म्हणून त्या क्रमाने पाहू.

पहिली वाट : स्वतः करून पाहणे. ही सर्वांत पक्की. पोहण्यावरची दहा पुस्तके वाचून विहिरीची भीती जात नाही. पाण्यात उतरल्यावरच जाते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, हक्क लिहिलेला होता. पण तळ्यावर कोणी जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे शिस्तीने चालत गेली, ओंजळीने पाणी घेतले आणि तो कागदावरचा हक्क अंगात उतरला. परतताना मार खावा लागला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पण पाण्याला हात लागला त्या क्षणी माणसे आतून बदलली होती. ती निकालासाठी थांबली नव्हती.

तुमच्या-आमच्या वाट्याला रोज महाड येत नाही. लहान तळी मात्र रोज असतात. बँकेत जाऊन स्वतःची स्लिप स्वतः भरणे, हे एक तळे. साहेबाच्या खोलीबाहेर चप्पल काढून उभे न राहता आत जाऊन आपले काम नीट सांगणे, हे दुसरे. मी कारकून आहे. टेबलाच्या पलीकडून माणसे कशी येतात हे वर्षानुवर्षे पाहतो आहे. काही जण अर्ज घेऊन येतात, पण तो पुढे करण्याआधीच "नाही झालं तरी चालेल साहेब" म्हणतात. हक्काचे काम असते आणि आवाज मात्र उसने मागायला आल्यासारखा. आमच्या वस्तीतील एका विधवा भगिनीचे शिधापत्रिकेचे काम असेच अनेक महिने रखडले होते. तिला माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवले. २००५ च्या कायद्याप्रमाणे १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांत उत्तर, एवढीच माहिती. अर्ज मी लिहून दिला नाही. मी सांगत गेलो, तिने लिहिला. सातवी झालेल्या बाईने चार ओळी लिहायला एक तास घेतला. काम तर झालेच, पण पुढच्या महिन्यात ती शेजारणीला घेऊन कचेरीत गेली आणि तिचा अर्ज तिने भरून दिला. तो एक तास वाया गेला नव्हता.

आम्ही हिशेब लिहिणारी माणसे मागील पानावरची शिल्लक पुढच्या पानावर ओढतो. आत्मविश्वासाचेही असेच आहे. आज जमलेले लहान काम उद्याच्या पानावर जमेला धरले जाते. आरंभीची शिल्लक शून्य असली म्हणून वही बंद करायची नसते. पहिली नोंद करायची असते.

दुसरी वाट : आपल्यासारख्याने केलेले पाहणे. इथे 'आपल्यासारखा' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याच्या घरात तीन पिढ्यांपासून वकिली आहे त्याचा मुलगा वकील झाला, हे पाहून झोपडीतल्या मुलाला बळ येत नाही. शेजारच्या चाळीतील हमालाची मुलगी वकील झाली की येते.

म्हणून आपल्या मुलींना मुक्ता साळवे ठाऊक असली पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातील मुलगी. वय अवघे चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्यांना अक्षर ओळखण्याचीही बंदी होती त्यांच्यातील एक मुलगी धर्माच्या नावाने चालणाऱ्या अन्यायाला थेट प्रश्न विचारते! २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया जमल्या आणि त्यांनी घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा अशा मागण्यांचे ठराव केले. यांतील कितीतरी जणी मोलमजुरी करणाऱ्या होत्या. देशातील सुशिक्षित म्हणवणारी अनेक घरे तेव्हा या विषयांवर बोलायलाही धजत नव्हती. अशा स्त्रियांचा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून गोळा केला आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. ज्या घरात मुलगी आहे त्या घरात हे पुस्तक असावे.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे! किराणा दुकान चालवता चालवता पुडी बांधण्याच्या रद्दीतले कागद वाचणारी ही बाई. घरच्यांच्या नकळत लिहीत राहिली, वर्षानुवर्षे लिहिलेले लपवून ठेवीत राहिली. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले आणि मराठी साहित्यात तिची जागा कायम झाली. तिच्या पाठीवर शाबासकीची थाप द्यायला कोणी नव्हते. तरी तिने लिहिले, कारण आपले जगणे लिहिण्याच्या लायकीचे आहे यावर तिचा विश्वास होता.

तिसरी वाट : विश्वासू माणसाचा शब्द. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांची ओळख पोहोचवण्यातही गुरुजींचा हात होता. बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या एका मुलाकडे एका शिक्षकाचे लक्ष गेले, त्याने विचारपूस केली, पुस्तके दिली. त्या एका पुस्तकाची वाट पुढे कुठवर गेली हे आपण जाणतोच.

बौद्ध वाङ्मयात चुल्लपंथकाची कथा आहे. भिक्खू झालेल्या या तरुणाला थोरला भाऊ महापंथक याने एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले तरी ती पाठ होईना. पुढचे पाठ केले की मागचे विसरायचा. भाऊ म्हणाला, तुझ्याच्याने हे व्हायचे नाही, घरी जा. तो रडत निघाला असता भगवान बुद्धांची गाठ पडली. त्यांनी त्याला पाठांतर दिलेच नाही. पांढऱ्या वस्त्राचा एक तुकडा दिला आणि मळ निघून जावा असे म्हणत तो हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता स्वच्छ वस्त्र मळले आणि वस्तू कशा बदलतात, मळ कुठे असतो, याचा उलगडा त्या 'मठ्ठ' ठरलेल्या तरुणाला झाला. तो अर्हत झाला. विद्यार्थी तोच होता. एका गुरूने त्याला न जमणारे काम दिले आणि मठ्ठ ठरवले. दुसऱ्याने त्याला जमेल असे काम दिले आणि त्यातूनच वर नेले. नुसते "तू करू शकतोस" असे म्हणणे पुरेसे नसते. करता येईल असे पहिले पाऊल हातात द्यावे लागते. मुलांना पाठांतरावरून बदडणाऱ्या आई-बापांनी ही कथा दोनदा वाचावी.

चौथी वाट : शरीर आणि मनाची अवस्था. उपाशी पोटी, रात्रभर जागून परीक्षेला बसलेल्या मुलाचे हात कापतात आणि त्याला वाटते, मी घाबरट आहे. तो घाबरट नसतो, थकलेला असतो. झोप, वेळेवर जेवण, आणि छातीत धडधड वाढली की दोन मिनिटे श्वासाकडे लक्ष देणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आनापानाचा अभ्यास धम्मवर्गात आपण करतोच. तो मुलाखतीच्या बाकावरही करावा.

कोण हिरावून घेतो?

आता दुसरी बाजू. आत्मविश्वास ही फक्त ज्याच्या त्याच्या मनातली गोष्ट असती तर प्रश्न सोपा होता. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मुलांना कागदावरच्या भूलभुलैयातून वाट काढायची होती आणि जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळणार होते. जेव्हा कोणाची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा वरच्या जातींची मुले आणि दलित मुले यांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे, आजोबांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांची सुटलेली कोडी लक्षणीय कमी झाली. मुलांची बुद्धी तीच, कोडी त्याच धर्तीची, बक्षीसही तेच. जात फक्त उच्चारली गेली होती.

म्हणजे वर्गात मास्तर सर्वांदेखत "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" म्हणतो तेव्हा त्या एका वाक्याने काय होते, याचा हा पुरावाच म्हणायचा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमली होती. तिच्या २००७ च्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वर्गात, वसतिगृहात कसे वेगळे पाडले जाते हे नोंदवलेले आहे. २०१६ साली हैदराबादमध्ये रोहित वेमुला गेला. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघेही गुणांनी कमी नव्हते. अशा वेळी "आजकालच्या मुलांत आत्मविश्वासच नाही" असे म्हणणे म्हणजे ज्याच्या पायात काटे पेरले त्यालाच लंगडतो म्हणून हिणवणे होय. आत्मविश्वास हा अन्यायाला पर्याय नाही. त्याने अन्यायाशी लढण्याचे बळ येते. पण लढाई एकट्याने लढायची नसते. ज्याला छळ सोसावा लागतो आहे त्याने तो घरी सांगितला पाहिजे, मित्रांना सांगितला पाहिजे, लेखी तक्रार केली पाहिजे. आणि घरच्यांनी "तू तिकडे लक्ष देऊ नकोस, अभ्यास कर" असे म्हणून विषय संपवू नये. मदत मागणे हा आत्मविश्वासाचा अभाव नव्हे. मदत मागण्यासाठीच पुष्कळ आत्मविश्वास लागतो.

आरक्षणाच्या टोमण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. "तू कोट्यातून आलास" असे ऐकले की आपली मुले मान खाली घालतात. का घालावी? आरक्षणाने दार उघडते. आतला पेपर सर्वांना सारखाच सोडवावा लागतो. पदवी मिळण्यासाठी उत्तीर्णतेची अट सर्वांना एकच असते. हा संविधानाने दिलेला हक्क आहे, कोणाच्या मेहरबानीचा तुकडा नव्हे. हे मुलांना घरातच, टोमणा ऐकण्यापूर्वीच सांगून ठेवावे. उत्तर तयार असले म्हणजे घाव खोल जात नाही.

पेहरावापासून सुरुवात

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले. जातीची खूण सांगणारी लुगडी नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते जड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी कितीतरी स्त्रिया नव्या पद्धतीने लुगडे नेसून आल्या. कोणी म्हणेल, लुगड्याने काय होते? फार होते. अंगावरची खूण रोज आरशात सांगत असते की तू कोण आहेस. ती खूण उतरवली की माणूस स्वतःकडे नव्याने पाहू लागतो. मात्र आजच्या तरुणांनी याचा अर्थ महागडी पादत्राणे आणि हप्त्यावरचा मोबाइल असा घेऊ नये. कर्ज काढून आणलेला रुबाब हप्ता चुकला की उतरतो. स्वच्छ कपडे, ताठ मान आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे याला पैसे पडत नाहीत.

घरात आणि वस्तीत काय करावे?

आता काही गोष्टी व्यवहारातल्या. आमच्या अभ्यासवर्गात अनेक वर्षांत ज्या उपयोगी पडल्या त्याच सांगतो.

मुलांची तुलना शेजारच्या मुलाशी करू नका. त्याच्या स्वतःच्या मागल्या महिन्याशी करा. मागच्या चाचणीत गणितात ३० गुण होते, या वेळी ३८ आले, तर तो आनंदाचा दिवस आहे. शेजारच्याला ९० मिळाले हे त्या दिवशी सांगायची गरज नाही.

खोटी स्तुतीही करू नका. मुलांना ती लगेच कळते. "तू फार हुशार आहेस" म्हणण्याऐवजी "हे उदाहरण तू तीनदा खोडून पुन्हा सोडवलेस, म्हणून सुटले" असे म्हणा. मुलाला आपण कशामुळे जिंकलो ते कळले पाहिजे.

मुलीला घरात निर्णय घेऊ द्या. महिन्याच्या किराण्याचा हिशेब तिच्याकडे द्या, वीजबिल भरायला तिला पाठवा. पैशाचा व्यवहार हातून होत नाही तोवर आत्मविश्वास अर्धवटच राहतो. सुनेलाही हाच न्याय लावावा. विहारात समतेवर भाषण करून घरी आल्यावर सुनेला "तुला काय कळतंय" म्हणणाऱ्यांनी भाषण बंद ठेवले तरी चालेल.

आमच्याकडे रविवारी प्रत्येक मुलाने उभे राहून दोन मिनिटे बोलायचे असा नियम आहे. विषय काहीही चालतो. शाळेत काय झाले, आईने काय भाजी केली. एक मुलगी पहिले तीन रविवार फक्त उभी राहिली आणि खाली बसली. कोणी हसायचे नाही, हा दुसरा नियम. चौथ्या रविवारी तिने आपले नाव आणि इयत्ता सांगितली. यंदाच्या चौदा एप्रिलला तिने विहारासमोरच्या सभेचे सूत्रसंचालन केले. आम्ही विशेष काही केले नाही. फक्त तिची जागा राखून ठेवली आणि वाट पाहिली.

इंग्रजीची भीती हा आपल्या मुलांचा मोठा शत्रू आहे. इंग्रजी ही भाषा आहे, बुद्धी नव्हे. ती चुकतमाकत बोलूनच येते. घरात ज्याला येते त्याने दुसऱ्याच्या चुकीला हसू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

आणि जे शिकून पुढे गेले, अधिकारी झाले, शहरात स्थिरावले, त्यांना हात जोडून विनंती : महिन्यातून एकदा आपल्या जुन्या वस्तीत या. देणगीची पावती फाडून जाऊ नका. मुलांमध्ये तासभर बसा. तुम्ही किती वेळा नापास झालात, कुठल्या दिव्याखाली वाचलेत, पहिल्या मुलाखतीत काय विचारले, ते सांगा. मुलांना तुमचा बंगला पाहून जे बळ येणार नाही ते तुमची जुनी गुणपत्रिका पाहून येईल.

बंधू-भगिनींनो, आत्मविश्वास कोणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही आणि तो बाजारात पुडीत बांधूनही मिळत नाही. तो करून पाहिल्याने येतो, आपल्या माणसांकडे पाहून येतो, कोणीतरी वेळेवर दिलेल्या शब्दाने येतो आणि जिथे अपमान होत नाही अशा जागी तो वाढतो. यांतील करून पाहणे हे ज्याचे त्याने करायचे. बाकीचे आपण सर्वांनी मिळून. ज्या समाजाने ओंजळभर पाण्यासाठी रक्त सांडले, त्याच्या मुलांना प्रश्न विचारण्यासाठी हात वर करताना भीती वाटू नये, एवढी व्यवस्था आपण आपल्या घरात आणि आपल्या वस्तीत निश्चित करू शकतो. येत्या रविवारी आपल्या विहारात दोन मिनिटे बोलण्याचा वर्ग सुरू करा. पहिल्या दिवशी चारच मुले आली तरी चालेल.

जय भीम!